मोडलेली सुई आणि उत्तम क्षमा

माधवनगर, सांगली
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. अतिशय यास पद्मावतीआत्याचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपवासासकट पार पडले. देवळात, आपल्या बस्तीत, गर्दी लय. प्रवचनासाठी कमी, पंख्याखालच्या जागेसाठी जास्त. साताऱ्यात तुझा दवाखाना जोरात चालतो असं दादा सांगतो. चालू दे.

पर्व संपल्यावर क्षमावाणीला, सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, तुझा मेसेज आला. गुलाब, जोडलेले हात, ‘जाणते-अजाणतेपणी आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा’. मी तुझी ‘आपण’ कधीपासून झाले? तोच गुलाब भावकीच्या अख्ख्या ग्रुपला गेला. त्यांचं तू काय बिघडवलंस ते त्यांना ठाऊक. माझ्यापुरतं सांग: जाणते की अजाणते?

वैशाखात माझ्या दाढेचं रूट कॅनाल करायला मी सांगलीतले सगळे डॉक्टर ओलांडून तुझ्याकडे आले. भाचा डॉक्टर, मिरवायला नको? माझ्या आधीच्या बाईच्या तोंडात तू रबराचा पडदा ताणला होतास. मला नाही लावलास. म्हणालास, “आत्या, तू काय परकी आहेस?” मी हरखले. परक्या बाईची काळजी घ्यायची आणि घरच्या बाईला नुसती माया द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

दुसऱ्या खेपेला तू बोलता बोलता गप्प झालास. एक्स-रे काढलास आणि स्क्रीन भिंतीकडे वळवलीस. मग घाईनं सिमेंट भरलंस, वर टोपी बसवलीस. निघताना मी पुढं केलेले डब्यातले लाडूही घेतले नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर दाढ ठणकायची थांबली नाही. तुला फोन केला की तू म्हणायचास, होतं असं, या वयात सहनशक्ती कमी होते. पर्वात सूर्यास्तानंतर पाणी बंद, म्हणजे गोळीही बंद. गालाला हात लावून बसायचे. त्यात दादाचा फोन. तुझे बाबा, माझा सख्खा भाऊ, म्हणतो, “पद्मा, दाढ बरी हाय गं. पोरानं सांगितलंय मला. तुझं मनच ठिकाणावर न्हाई.”

दाढेपेक्षा ते जास्त लागलं, बाळा. कारण मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शेवटी इथल्या डॉ. समीक्षांकडे गेले. त्यांनी एक्स-रे समोर धरला. मुळाच्या टोकाशी मूळ साफ करायच्या तुझ्या सुईचा तुकडा, त्याच्याखाली साफ न झालेली घाण आणि पू. त्या शांतपणे म्हणाल्या, सुई चांगल्या हातातही मोडते. मोडली की पेशंटला सांगायचं. काढता येईल का, वळसा घालून पुढं जाता येईल का ते बघायचं. जमत नसेल तर दुसऱ्याकडे पाठवायचं. मग विचारलं, “तुकडा आत आहे हे तुम्हाला सांगितलं होतं ना?”

मी म्हणाले, “हो तर. त्यानं सगळं सांगितलंय.”

सकाळी बस्तीत उत्तम सत्यावरचं प्रवचन ऐकलं होतं. संध्याकाळच्या आत तुझ्यासाठी खोटं बोलले. डॉक्टरांनी ते कागदावर टिपूनही घेतलं. उपवासाचं सगळं पुण्य तुझ्या मोडक्या सुईवर ओवाळून टाकलं म्हण.

येत्या गुरुवारी दुपारी डॉ. समीक्षा मायक्रोस्कोप लावून तुकडा काढायचा प्रयत्न करणार आहेत. निघाला तर दाढ वाचेल; नाहीतर जाईल. कुठली सुई, किती आत गेल्यावर मोडली, हे त्यांना हवंय. मला विचारलं तर मी काय सांगू? लाडू?

तेव्हा पहिली एसटी पकड. तुझे एक्स-रे आण. आणि मी तोंड उघडायच्या आधी त्यांच्यासमोर तू उघड. मी खोटी पडेन, पडू दे. तिथून बाहेर पडल्यावर दादाला फोन लाव आणि माझं मन कुठल्या ठिकाणावर होतं ते त्याला सांग.

गुलाब आणू नकोस.

क्षमा गुरुवारपर्यंत राखून ठेवलेली,
तुझी आत्या