पांढऱ्या गाडीची पट्टी

३ नोव्हें., सोम.
पट्टी पुन्हा वाकडी. अण्णांच्या जुन्या अँबेसिडरचं वीतभर मॉडेल. बाकी सगळं जमलं, दाराखालच्या चंदेरी पट्टीवर अडलंय. पहिल्यांदा रंग सुरकुतला, तो दोष माझा: मॉडेलच्या रंगात क्रांती चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर घातलं. दुसऱ्यांदा टेप उचलताना खालचा रंगही निघाला, घाई. आज थिनर बरोबर, टेप नाही, घाई नाही. म्हणजे उरला हात.
हे लिहायला नको होतं.

५ नोव्हें., बुध.
अण्णा शेजारी येऊन बसले. आयुष्यभर ही गाडी पर्यटकांना घेऊन अजिंठ्याला पळवली, त्यांना वाकडं लगेच दिसतं. "काय गं, माझी गाडी ठोकली का कुठं?" चहा उचलला तसा कप बशीवर वाजायला लागला. "मला साखर ढवळायला चमचा लागत नाय बघ." कंपवात झाल्यापासून हाच विनोद. नेहमी हसते, आज नाही हसले.
वडिलांचं सुरू झालं तेव्हा वय काय होतं? पन्नास? की माझ्याएवढंच... आई असती तर तिला आठवलं असतं.

१० नोव्हें., सोम.
काल चहा बंद करून पाहिला. मनगट जाड पुस्तकावर टेकवलं. पट्टी जवळजवळ सरळ आली, शेवटी हिसका बसला. पुसून काढली.
आज चितेगावला, कंपनीत, मायक्रोमीटरपेक्षा स्वतःच्या बोटांकडेच जास्त लक्ष. माप दोनदा घेतलं. सारखंच आलं. तरी पुन्हा घेतलं. हात गेला तर ही नोकरीही...

१२ नोव्हें., बुध.
अण्णांच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. त्यांचा हात रिकामा असताना जास्त हलतो, कामाला लागला की कमी. माझं उलट आहे. माझी रेष काम करतानाच बिघडते. म्हणजे ते नाही. मला मॉडेल नीट करता येत नाही, एवढंच. आपण एखाद्या कामात कच्चे आहोत याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.
पण हे मी तपासलंय, की फक्त पटवून घेतलंय?

१५ नोव्हें., शनि.
नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी टीव्ही लावून बसलो होतो. सुनील म्हणाला, "अंगठ्यानं काय मोजतेस गं सारखी?"
मी काहीच मोजत नव्हते. उजवा हात मांडीवर होता. रिकामा.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी सुनीलला सगळं सांगितलं. त्यानं गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णांना आत्ताच कळू द्यायचं नाही असं ठरलं.
दुपारी पट्टी रंगवायला बसले. पट्टीसाठी बसले की हात बघायला, नक्की सांगता येत नाही. अण्णा आले.
"आण, गाडी मी धरतो. तू मार रेष."
"तुम्ही धरणार?"
"हलली तर माझ्या नावावर टाक की."
त्यांनी गाडी टेबलावर दाबून धरली. अजिबात हलली नाही. रेष मात्र मधेच खाली उतरली.
वाटलं, आता काहीतरी बोलून हसतील. हसले नाहीत. ब्रश माझ्या बोटांतून काढून ठेवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला.
"कवापासनं?"
हात हलत होते. त्यात त्यांचं किती, माझं किती, कळत नव्हतं. मी सोडवून घेतला नाही.