फ्लेक्सवरची आकाशगंगा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मधेच ओरडतोस, म्हणून पैठणच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं हे पत्र देतेय. आधी स्टँडवरचा तो फ्लेक्स उतरव! म्हणे, 'पैठणच्या कन्येने शोधली नवी आकाशगंगा'. खाली माझं नाव, शेजारी हात जोडलेले साहेबराव पुढारी. त्यांचा काय संबंध रे?

मी काय सांगितलं होतं? क्वासर म्हणजे लई लांबचा झगझगीत उजेड. वाटेतले वायूचे ढग त्यातले ठरावीक रंग खातात, तिथं काळ्या रेषा दिसतात. तशा दोन रेषा दिसल्या, मधे एखादी आकाशगंगा असेल, म्हटलं. असेल! तपासणी राहिलीय, हेही म्हटलं होतं. काल तपासलं. ते रंग आपल्याच पृथ्वीवरच्या हवेनं खाल्लेत. आकाशगंगा नाय, काय नाय.

आणि फ्लेक्सचा फोटो विद्यापीठातल्या माझ्या सरांपर्यंत पोचला. परिषदेतलं माझं भाषण त्यांनी काढून टाकलं. वर्षभर त्याच्यासाठी राबले मी! विभागात सगळे मला 'कन्या' म्हणून हाक मारतात. तळपायाची आग मस्तकात गेलीय.

आईआबांना नमस्कार. राग उतरला की तुझ्यावरही माया करीन.

प्रांजली


पैठण
१४ नोव्हेंबर

चि. प्रांजलीस,
अनेक आशीर्वाद.

लई शहाणी झालीस! फ्लेक्स मी लावला, व्हय. मग तुझ्या सरांनी मला झापायचं. पोरीचं भाषण कशाला काढलं?

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ते तडक उठले, मेंढरांची लोकर कापायची कातर घेतली अन् स्टँडवर गेले. मला वाटलं, दोऱ्या कापतील. त्यांनी 'शोधली नवी आकाशगंगा' तेवढंच कापलं, अन् साहेबरावांचा फोटोबी. त्यांची माणसं अंगावर धावली. आबा गरजले, खोटं होतं ते काढलं, माझी लेक खोटी नाय, तिचं नाव उतरवून दाखवा. आता भोकं पडलेला फ्लेक्स फडफडतोय. उतरवायचा तर तूच ये, मी नाय आबांच्या तोंडी लागत.

वेळेवर जेवत जा. माया उतू चालली नाय, पण आहे.

शिवशंकर


गारखेडा
१७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

उतरवू नकोस. सरांवरचा राग तसाच आहे. आज त्यांच्याशी भांडून दुसऱ्या क्वासरचा उजेड तपासायला घेतला.

त्या भोकांचा फोटो पाठव, टेबलासमोर लावते. काय गायब झालंय त्यावरून मधे कोण आलं होतं ते ओळखायचं, हेच माझं काम. यावेळी तपासणीची गरज नाय. आबा आले होते.

त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंय, सांग.

प्रांजली