सर्वांत लहान दुरुस्ती

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व ठीक. थंडी वाढली आहे. तुझ्या प्रबंधाचे प्रकरण मिळाले, दोनदा वाचले. चिन्हांचे जंजाळ सोडले, आशय धरला. एक शास्त्र विचारते, तथ्ये एकामागून एक समोर येत गेली तर शिकणारा सत्यापाशी पोचून स्थिरावतो का. दुसरे सांगते, नवे तथ्य जुन्या समजुतीशी भांडले तर समजूत कशी बदलावी. तू दोहोंची सोयरीक जमवलीस, आणि दाखवलेस की दर वेळी कमीत कमी बदल करणारा कोठेही चुकल्यासारखा दिसत नाही, तरी सत्याला कायमचा मुकू शकतो.

यावर आक्षेप लिहायला बसलो. आपल्या शास्त्रकारांच्या मते दोर ओळखला की साप उरतच नाही. तेथे कमी-अधिक बदलाचा प्रश्नच कोठला? बरेच लिहून झाले. मग फाडले.

तुझी आई मला चेष्टेने शास्त्रीबुवा म्हणते, हे तू जाणतेसच. उन्हाळ्यात तिने विचारले, "शास्त्रीबुवा, आपलं गाव कोणतं?" मी मानले, थट्टा. पुढे ती माझ्यापुढे पाहुण्यांचा पेला ठेवू लागली. मानले, रोजचे घासायचे राहिले असतील. मग झोपण्याच्या खोलीला आतून कडी लावू लागली. मानले, दार वाऱ्याने आपटत असेल. प्रत्येक समजूत आधीच्या समजुतीशी नीट जुळत होती.

आता दिवेलागणीला ती म्हणते, "बराच वेळ झाला हो. घरची मंडळी वाट बघत असतील. निघा आता." मी चपला घालतो, जिना उतरतो, औषधांच्या दुकानापाशी उभा राहतो. दुकानदार म्हणतो, "काय काका, आजही काकूंनी बाहेर काढलं वाटतं?" मीही हसतो. मग वर जाऊन बेल वाजवतो. ती दार उघडते. "या, बसा ना. हे येतीलच एवढ्यात."

मी बसतो.

रडू येत नाही. जप, पाठ यथास्थित चालू आहेत. त्यांतून काही जाणवत नाही, इतकेच.

आई झोपली आहे, असे फोनवर तुला सांगत आलो. ती जागीच असे. तुझा प्रबंध पुरा होऊ दे, मग सांगू, असे मनाशी म्हणत होतो.

परवा ती मला, म्हणजे पाहुण्याला, म्हणाली, "आमची धाकटी भारी हुशार हो. पण आईला भेटायला सवड नाही बाईसाहेबांना." तू तिच्या स्मरणात अजून आहेस. किती काळ, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. प्रबंध थांबेल. तू ये.

आल्यावर तिच्यासमोर मला बाबा म्हणू नकोस. ती घाबरेल. येथे मात्र लिहितो.

तुझा
बाबा