खंडेनवमीला बंद केलेला करंट

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ. येळ्ळूर.

सुजातावर उगाच ओरडले. उगाच? नाही, तेव्हा राग खराच आला होता. सांडपाण्यातला अमोनिया खाणारे जिवाणू आम्ही बरणीत पाळलेत. बारीक करंट दिला की ते जास्त खातात, हे दाखवण्यात आम्हा दोघींचं अख्खं वर्ष चाललंय. आणि हिनं खंडेनवमीला करंटच्या यंत्राला हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बटण बंद करून बोरगावला घरी गेली! आज कॉलेजात गेल्यावर कळलं.

"खंडेनवमीला मशीन चालू ठेवतंय व्हय गं कोण? आमचं आप्पा शेतातली मोटरबी लावत न्हाईत," वर हे.

रागातच बरणीतलं पाणी तपासलं. अमोनिया इतका कमी कधीच आला नव्हता. पुन्हा तपासलं. तेच.

म्हणजे इतके दिवस करंट जास्त होत होता? जिवाणूंना जोम देत होतो की छळत होतो? सर म्हणाले, योगायोग असेल, बटण चालू करा, सोमवारी नगरपालिकेची माणसं बघायला येतायत. पण आत्ताच चालू केलं तर खरं काय ते कळणार कसं? जेवणात लक्ष नाही. ते झेंडूचं फूल डोळ्यांसमोरून हलत नाही.

कॉलेजातून निघताना सुजाता ते उचलायला गेली, तर मीच तिचा हात धरला. बटण अजून बंद का, असं सरांनी विचारलं तर सांगायचं, पूजा अजून उतरवली नाही.