बांधावरचा झेंडू

१६ जुलै २००६
माहेरून, अंबाडीहून, निरगुडीच्या काड्या आणल्या. बांधाला कुंपण म्हणून लावल्या. मधेमधे झेंडू, तुळस. आमचा दादा म्हणतो, कडेला फुलं असली की मधमाश्या शेतात येतात, कारली धरतात. त्याचा मांडव मी डोळ्यांनी पाहिलाय. आमचा गेल्या वर्षी नुसत्या पानांचा.

ह्यांचं एकच. "या टायमाला कारली न्हाय धरली त मी पन जमीन देतो गोडाऊनला. भावानं दिली, मेला का तो?"

मेले नाहीत. गाडी घेतली. बांधापलीकडेच भाऊजींच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहतंय.

२७ ऑगस्ट
वेल मांडवाला लागले. झेंडूला कळ्या. जाऊबाई पलीकडून, "शेतात फुलबाग केलीस गो? वेन्या इकनार का?" हसू दे.

२४ सप्टेंबर
बांध पिवळाधमक. सकाळी मांडवात नुसती गुणगुण. हेही थांबून ऐकत होते. "बऱ्याच हायत गो माश्या." लग्न झाल्यापासून इतकं गोड बोलल्याचं आठवत नाही. दिवसभर खूश होते मी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मांडवाला सुतळी हवी म्हणून निजामपुऱ्याच्या बाजारात गेले. रमजानच्या रोज्यांची गर्दी, रिक्षा मिळेना. परत आले तर बांध बोडका. फुलं तर नाहीतच, कळ्यासुद्धा ओरबाडलेल्या. भाऊजींच्या माणसांनी गोण्या भरभरून नेल्या. उद्या गोडाऊनची पूजा.

ह्यांनीच हो म्हटलं. "फुलंच त हायत. मोठा भाव हाय, सनाला न्हाय कसा म्हनू?"

भावाला नाही म्हणता येत नाही. बायकोला विचारता येत नाही. जेवले नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
पूजेला जावं लागलं. शटरला तोरण, ट्रकांना जाडजूड हार. तोरणावर मधमाश्या. आमच्याच. भाऊजींनी आपट्याची पानं हातात दिली, "सोन्यासारखं ऱ्हा."

१० ऑक्टोबर
मांडवात एक माशी नाही. वेलावरची मादी फुलं पिवळी पडून गळतायत. मागची बोटाएवढी कारली तशीच सुकतात. रोज सकाळी नर फुलं तोडून एकेका मादी फुलावर घासत फिरते. मांडव केवढा, मी एकटी. मान मोडून आली.

हे खाटेवरून बघतात. "बोललो व्हतो ना, फुलांनी काय व्हत न्हाय."

हातातली फुलं अंगावर फेकावीशी वाटली. पण ती पुढच्या वेलाला हवी होती.

१५ ऑक्टोबर
थोडी धरली. दादाच्या मांडवासारखी नाहीत. ह्यांना तेवढंच निमित्त पुरे. जमीन मागणाऱ्या पार्टीला आज मानकोलीत जाऊन उत्तर द्यायचं म्हणून संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घातला.

मी भाऊजींच्या शटरचं सुकलेलं तोरण काढून आणलं. वॉचमन म्हणाला, "ले जाओ भाभी, कचरा ही है." बांधावर बसून फुलं चुरली, बी टाकत गेले. हे मागे येऊन उभे.

"आता कशाला लावते?"

"पुढच्या दसऱ्याला भाऊजींना लागतील ना."

मग चपला घालून मानकोलीच्या बाजूला गेले.

दिवे लागले. अजून आले नाहीत. बियांना पाणी घातलंय.