चौथं कारण

१४ ऑक्टो., मंगळ.
इरा (पाचवीत गेली बया!) शाळेचा चार्ट करतेय: युरोपियन लोक जहाजं घेऊन का निघाले. पुस्तकातली कारणं तीन: मसाले, धर्म, नाव. म्हटलं, चौथं लिही, तोफा. मिरी विकतही मिळत होती, तोफा होत्या म्हणून लुटली. उचलली जीभ लावली टाळ्याला.
शुक्रवारी वर्गात नाटक. इरा मसालेवाली. माझ्या आईचा मसाल्याचा पितळी डबा नेणार.
"बाबा, दे विल ग्रॅब इट."
"मग बघत काय बसतेस? एक हाण."

१७, शुक्र.
शाळेतून फोन आला, मीटिंग सोडून पळालो. कप्तान झालेल्या पोराने डबा ओढला, इराने तोच त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, डोळ्यांत तिखट. त्याचं किंचाळणं पार्किंगपर्यंत येत होतं. चार टाके.
प्रिन्सिपलबाईंनी विचारलं, हे कोणी शिकवलं?
"नो वन," इरा म्हणाली. मी शेजारीच होतो. शेपूट घातलं.
घरी आल्या आल्या तिच्या कानाखाली काढली. दाराच्या कडेवर आपटली, ओठ फुटला. अनघा मधे पडली तर तिलाही ढकललं. बायकोला!

१८, शनि.
इराच्या गालावर चार बोटं उठलीत. अनघा एवढंच बोलली, "सोमवारी शाळेच्या काउन्सेलर तिच्याशी एकटीशी बोलणार. गाल बघितला की इथल्या कायद्याने त्यांना रिपोर्ट करावाच लागतो. मी कन्सीलर लावून झाकणार नाहीये."
आधी भीती वाटली, लाज नंतर. खरं तेच लिहितो.

१९, रवि.
सॉरी म्हणालो. इरा चार्ट रंगवत होती, मान वर केली नाही.
"व्हाय डिड यू हिट मी, बाबा? मसाले? गॉड? नाव?"
तिने चार्टवरच्या तोफेवर बोट ठेवलं.
"ऑर नंबर फोर?"

२०, सोम.
गाडीत म्हटलं, "विचारतील ते खरं सांग. कोणी शिकवलं तेही."
"अँड यू? विल यू टेल?"
उत्तराची वाट न बघता उतरली. दप्तर, सुजलेला ओठ, सगळं घेऊन आत गेली.
९:१२. मी अजून पार्किंगमध्ये, मांडीवर वही. शाळेच्या ऑफिसचं दार इथून दिसतं. इंजिन बंद केलंय.