तुलारामचा माग

पवनी, ४ डिसेंबर १९७८

तुरुंगाधिकारी साहेब,

तुमच्या तुरुंगात कैद्यांचे फार लाड होतात, यावरून तुम्हाला खडसावायला बसले होते. विणकर तुलारामने भर दुपारी पुन्हा माझी पितळी घागर उचलली आणि पोलीस येईपर्यंत माझ्याच ओट्यावर बसून राहिला.

“गेल्या बारीले माफ काहून केलं, बाई? माहा माग हुकला!”

“कसला माग?”

“घरचा मोडला. जेलात विनाले भेटते.”

त्याने पूर्वीच्या एका शिक्षेत तुरुंगात विणलेला पंचा पुढे केला. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला कापड उलटून तपासायला शिकवले होते. उलट्या बाजूलाही एक गाठ नव्हती! असे निर्मळ काम मी जन्मात पाहिले नाही.

मी फिर्यादीवर सही केली. तो माझ्या पाया पडला.

हे पत्र टाकत नाही. वाचून तुम्ही तुरुंग कडक केलात, तर आधी मागच काढाल.

अजून रागातच,
सत्यभामा बांते
निवृत्त मुख्याध्यापिका